डाव्या करंगळीसाठी ७० भोकांचा पत्रा: उद्यमनगरातल्या लेसर कटिंगचा अनुभव

डाव्या हाताच्या करंगळीचं दुखणं घेऊन मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, म्हणजे वर्कशॉपांच्या वसाहतीत गेले. आधी डॉक्टरांकडे जाऊन आले होते. त्यांनी पंधरा दिवस टायपिंग बंद ठेवायला सांगितलं. ते जमण्यासारखं नव्हतं. १८ ऑगस्ट २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आणि तेव्हापासून माझ्याकडे कागदांची रीघ लागली: शपथपत्रं, खरेदीखतं, मृत्युपत्रं, जुने निकाल आणि या सगळ्यांची भाषांतरं. मंगळवार पेठेत घरी बसून मी हे काम करते, एकोणीस वर्षं झाली. दिवसाला सात-आठ तास बोटं चालतात. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात करंगळी रात्रीही ठणकायला लागली, तेव्हा हे प्रकरण हातात घेतलं.

उद्यमनगरातल्या ज्या वर्कशॉपने मला कीबोर्डची प्लेट कापून दिली, त्याबद्दल हे लिहितेय. नाव लिहीत नाही, कारण मालकांनीच नको म्हणून सांगितलंय. त्यांचं काम फौंड्रीवाल्यांचं आणि साखर कारखान्यांचं. एकेक प्लेट करून घेणारे वीस जण दारात उभे राहिले तर मशिन कुणाला द्यायचं, असं त्यांचं म्हणणं. त्या भागात लेसर कटिंगवाले बरेच आहेत. मला जे प्रश्न या माणसाने विचारले ते तुम्हाला ज्याने विचारले, त्याच्याकडे बिनधास्त काम द्या.

पण आधी करंगळी. मी इनस्क्रिप्टवर, म्हणजे मराठी टायपिंगच्या सरकारी मांडणीवर टाइप करते. १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ही मांडणी ठरवली आणि १९९१ ला भारतीय मानक ब्युरोने ती आयएस १३१९४ या मानकात घेतली. मांडणी हुशारीची आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. त्यामुळे एक हात व्यंजन, एक हात मात्रा, अशी लय धरता येते. क ज्या बटणावर, त्याच बटणावर शिफ्ट धरून ख. ग वर घ, द वर ध, त वर थ, ट वर ठ. सगळे महाप्राण शिफ्टवर. शिवाय श, ष, ण, ळ हेही शिफ्टवरच. आता व्यंजन उजव्या हाताने मारायचं तर शिफ्ट कोण धरणार? डावी करंगळी. दिवसभर तीच.

"कोल्हापूर" लिहिताना शिफ्ट एकदाही लागत नाही. "न्यायालय" लिहितानाही नाही. पण "आढळून" लिहा: आ, ढ, ळ, तिन्ही शिफ्टचे. "अधिकाऱ्यांनी" लिहा: अ, ध आणि तो आपला मराठी ऱ, परत तीन. सरकारी मराठी तर "आढळून आले", "ठेवण्यात आले", "अधिकाऱ्यांनी" याशिवाय पुढे सरकतच नाही. एका पानाच्या शपथपत्रात मी पेन्सिलीने खुणा करत शिफ्ट मोजले. २११ भरले. असली पंधरा-वीस पानं रोज.

इंग्रजी टाइप करणाऱ्याला शिफ्ट वाक्याच्या सुरुवातीला लागतो, नावाला लागतो, बस. त्याच्यासाठी शिफ्ट कोपऱ्यात, सगळ्यात दुबळ्या बोटाखाली ठेवला तरी चालून जातं. आपल्याला शब्दाशब्दाला लागतो. आणि त्याच वेळी डाव्या हाताचं सगळ्यात दणकट बोट, अंगठा, स्पेसबारवर नुसता पडून असतो. टायपिंग क्लासमध्ये स्पेस उजव्या अंगठ्याने मारायला शिकवलं होतं, ती सवय आजही आहे. म्हणजे सहा बटणांएवढ्या रुंद स्पेसबारचा डावा अर्धा भाग मी एकोणीस वर्षांत वापरलेलाच नाही. तो कापून तिथे शिफ्ट बसवायचा, एवढीच माझी कल्पना.

तयार मिळणारे छोटे कीबोर्ड मी पाहिले. पूर्ण कीबोर्डच्या साधारण किती टक्के बटणं आहेत, त्यावरून लोक त्यांना ओळखतात: ६० टक्के, ६५ टक्के, ४० टक्के. ४० टक्केवाला दिसायला सगळ्यात देखणा, पण तो मराठीसाठी बनलेलाच नाही. त्यात आकड्यांची ओळ काढलेली असते. इनस्क्रिप्टमध्ये ृ हे चिन्ह आकड्यांच्या ओळीत बरोबरच्या खुणेच्या बटणावर आहे. ओळ गेली की "मृत्युपत्र" गेलं, "गृहकर्ज" गेलं, "वृद्ध" गेलं. ॅ दोनच्या बटणावर शिफ्ट धरून येतो, म्हणजे "गॅस" आणि "फॅक्टरी" गेली. विसर्गही त्याच ओळीत, म्हणजे "स्वतः"सुद्धा नाही. चौकटी कंसाचं बटण काढलं तर ड आणि ढ जातात, अवतरणचिन्हाचं काढलं तर ट आणि ठ, अर्धविरामाचं काढलं तर च आणि छ. इंग्रजीवाल्यांना जी बटणं विरामचिन्हांची आणि फालतू वाटतात, ती आपली अक्षरं आहेत. छोटा कीबोर्ड घेणाऱ्या मराठी माणसाने हे आधी बघावं. पैसे दिल्यावर कळून उपयोग नाही.

६० टक्क्यांच्या कीबोर्डवर सगळी अक्षरं बसतात, पण बाणांची बटणं नसतात, आणि कोर्टाच्या कागदात मागे-पुढे जाऊन दुरुस्त्या करण्यातच निम्मा वेळ जातो. ६५ टक्के ठीक होता. एक आणून आठवडाभर वापरला. बाण होते, सगळी अक्षरं होती. स्पेसबार मात्र अख्खा एक. करंगळी तिथेच.

मग भाचा म्हणाला, "मावशी, सर्किट बोर्ड नको, नुसती प्लेट कापून घेऊ. खालून मी हाताने वायरिंग करतो." तो पॉलिटेक्निकला आहे, तिसऱ्या वर्षाला. त्याच्या या एका वाक्याने काम सुरू झालं. प्लेट म्हणजे चौकोनी भोकांचा पत्रा. प्रत्येक भोकात एक स्विच वरून दाबून बसवायचा, स्विचच्या बाजूचे दोन चिमटे पत्र्याच्या खाली उघडतात आणि तो अडकतो. सगळी मांडणी त्या भोकांच्या जागेवर ठरते. भोकं कुठे, हे आपण ठरवलं की कीबोर्ड आपला.

मापं आधी पाठ करावी लागली. एका बटणाची जागा १९.०५ मिलिमीटर, म्हणजे बरोबर पाऊण इंच. याला १ यू म्हणतात. भोक १४ बाय १४. म्हणजे दोन भोकांच्या मध्ये पत्र्याची पट्टी उरते ५.०५ मिलिमीटर. माझी मांडणी १६ यू रुंद, ५ यू उंच: ३०४.८ बाय ९५.२५. आकड्यांची ओळ पूर्ण, अक्षरं पूर्ण, उजवीकडे एक उभी रांग डिलीट, होम आणि एंडची, खाली बाण. खालच्या ओळीत नेहमीचा ६.२५ यूचा स्पेसबार येतो त्या जागी तीन बटणं: डावीकडे २.२५ यूचं शिफ्ट, मध्ये १.२५ यूचं मराठी-इंग्रजी बदलायचं, उजवीकडे २.७५ यूची स्पेस. बेरीज तीच, ६.२५. हे तिन्ही आकार कीकॅपच्या, म्हणजे बटणांवरच्या टोप्यांच्या, चांगल्या संचात मिळतात, म्हणूनच हे आकडे निवडले. दोन यूचं स्पेस काढलं असतं तर त्यावर घालायला योग्य टोपी शोधत बसावं लागलं असतं. एकूण बटणं ७०.

पत्रा कापायला टाकण्याआधी मी एक केलं ते सगळ्यांनी करावं. मांडणी कागदावर मूळ मापात छापून घेतली, पुठ्ठ्यावर चिकटवली आणि त्या पुठ्ठ्यावर दोन दिवस संध्याकाळी टाइप केलं. बटणं दाबत नाहीत, अक्षरं उमटत नाहीत, पण बोट कुठे जातं ते कळतं. सुरुवातीला मी भाषेचं बटण डाव्या टोकाला आणि शिफ्ट मध्ये ठेवलं होतं. पुठ्ठ्यावरच लक्षात आलं की अंगठा आधी डावीकडे पडतो. अदलाबदल केली. ती पत्रा कापल्यावर झाली नसती.

आता वर्कशॉप. बागल चौकाच्या बाजूने आत गेलं की दोन्हीकडे शटर, लेथचे आवाज, कूलंटचा वास. या शहरात माणूस एखादा भाग हातात घेऊन येतो आणि "असाच दुसरा पाहिजे" म्हणतो, तेवढ्यावर काम होतं. माझ्या हातात भाग नव्हता, पेन ड्राइव्ह होता. आधीच्या दोन ठिकाणी एक नग म्हटल्यावर नको म्हणाले. तिसरे हे. मालक साठीचे, चष्मा कपाळावर. त्यांना सगळे मेस्त्री म्हणतात, मीही तेच म्हणायला लागले. मशिनवर पंचविशीतला ऑपरेटर. फायबर लेसर, स्टेनलेसला नायट्रोजन लावतात. ऑक्सिजनने कापलं तर कडा काळी पडते, नायट्रोजनने पांढरी स्वच्छ राहते. मी काहीही विचारायच्या आधी मेस्त्रींनी हे सांगितलं.

फाइल स्क्रीनवर उघडली आणि पहिला प्रश्न आला. "ताई, हे भोक कापल्यावर किती पायजे?"

मी म्हटलं, चौदा.

"मग ड्रॉइंगमध्ये तेरा पॉइंट नव्वद का हाय?"

घोळ असा होता. ज्या ऑनलाइन साधनातून भाच्याने प्लेटचं ड्रॉइंग काढलं, त्यात लेसरच्या रुंदीचा एक रकाना असतो. लेसर कापताना धातूची एक बारीक रेघ जाळून टाकतो, त्यामुळे भोक ड्रॉइंगपेक्षा किंचित मोठं होतं. ते होऊ नये म्हणून ड्रॉइंगमध्येच भोक तेवढं बारीक काढतात. आम्ही हुशारी म्हणून त्या रकान्यात ०.१ भरलं होतं. मेस्त्री म्हणाले, "लेसरची रुंदी आम्ही मशिनवर भरतोय. तुम्ही बी भरली आन आम्ही बी भरली, तर भोक बारीकच ऱ्हाणार. तुम्ही फकस्त पायजे तेवढं माप काढून आणा, बाकी आमच्यावर सोडा." प्लेट कापून आणून एकही स्विच बसला नसता. सत्तर भोकं कानशीने घासत बसले असते, किंवा पत्रा भंगारात. पैसे घेऊन फाइल तशीच मशिनला लावणारा माणूसही मला भेटू शकला असता.

दुसरं, ड्रॉइंगमध्ये एंटरच्या भोकावर रेघ दोनदा पडलेली होती, एकावर एक. डोळ्याला एकच दिसते. लेसर मात्र तिथे दोनदा फिरतो आणि कडा खराब होते. ऑपरेटरने ती निवडून काढून टाकली. तिसरं, "दिसायची बाजू कुठली?" लेसरचा वितळलेला माल खाली ओघळतो, त्याची बर, म्हणजे कडेला राहणारी बोचरी टोकं, खालच्या बाजूला येते. वरची बाजू गुळगुळीत हवी असेल तर ड्रॉइंग वरूनच पाहिलेलं पाहिजे, उलटं नको. माझी मांडणी दोन्ही बाजूंनी सारखी नाही, त्यामुळे हा प्रश्न महत्त्वाचा होता.

जाडीवरून थोडी चर्चा झाली. मेस्त्रींचं म्हणणं २ मिलिमीटरचा पत्रा घ्या, मजबूत होईल, शिवाय तुकडा पडलेलाच आहे, स्वस्तात देतो. मी पर्समधून स्विच काढून त्यांच्या हातात दिला. स्विचचे चिमटे दीड मिलिमीटरच्या पत्र्यासाठी बनवलेले असतात. जाड पत्रा घेतला तर ते खाली पोचतच नाहीत, स्विच नुसता वर टेकून राहतो. त्यांनी तो २ मिलिमीटरच्या पत्र्यातल्या एका भोकात घालून पाहिला, चिमटा उघडत नाही हे स्वतःच्या नखाने तपासलं आणि "बरोबर हाय तुमचं" म्हणाले. मग दीडचा पत्रा काढून व्हर्नियर लावून मला दाखवला: १.४८. मला हे फार आवडलं. चाळीस वर्षं पत्रा कापणाऱ्या माणसाने एका टायपिंगवालीच्या हातातली वस्तू घालून पाहिली आणि स्वतःचं म्हणणं बदललं.

ॲल्युमिनियमचंही विचारलं होतं. त्याला बर जास्त येते म्हणाले. वजनाचा हिशेब मी घरी केला होता: माझ्या मापाची प्लेट, भोकं वजा जाता, स्टेनलेसमध्ये साधारण १८० ग्रॅम आणि ॲल्युमिनियममध्ये ६० च्या आसपास. टेबलावरून कीबोर्ड सरकू नये म्हणून मला वजन हवंच होतं. स्टेनलेस ३०४ ठरलं.

आणि मग चाचणीची पट्टी. ही कल्पना माझी होती, पण मेस्त्रींनी ती लगेच उचलली. त्याच पत्र्याच्या कडेच्या तुकड्यावर पाच भोकं: १३.९०, १३.९५, १४.००, १४.०५, १४.१०. दहा मिनिटांचं काम. मी तिथेच स्टुलावर बसून एकेका भोकात स्विच दाबला. १३.९० मध्ये गेलाच नाही. १३.९५ मध्ये अंगठ्याचा पूर्ण जोर लावून गेला आणि काढताना प्लास्टिक सोलवटलं. १४.०० ला कुलूप लागल्यासारखा टक् आवाज करून बसला. १४.०५ लाही बसला, पण हलवला तर किंचित डुलत होता. १४.१० मध्ये टोपी ओढली की टोपीबरोबर स्विचही वर येत होता. स्विच बनवणाऱ्या चेरी कंपनीच्या मापपत्रातही १४ ला अधिक-उणे ०.०५ एवढीच मोकळीक दिलेली आहे. माझ्या कीबोर्डला खाली सर्किट बोर्ड नसणार, स्विचला धरून ठेवायला पत्र्याशिवाय दुसरं काही नाही. म्हणून घट्टच पाहिजे. १४.०० घेतलं. ती पट्टी माझ्याकडे आहे. वर मार्करने मापं लिहिलीत. कुणाला आपल्या स्विचवर करून बघायची असेल तर घेऊन जा, परत आणून द्या.

मोठ्या बटणांखाली स्टॅबिलायझर लागतात, नाहीतर कडेला दाबलं की बटण तिरकं होतं. माझ्या मांडणीत असे पाच: बॅकस्पेस, एंटर, कोपऱ्यातला डावा शिफ्ट, अंगठ्याचा शिफ्ट आणि स्पेस. स्पेसबार तोडल्याचा इथे एक फायदा झाला: २.२५ आणि २.७५ या दोन्ही मापांना २ यूचाच स्टॅबिलायझर चालतो, त्यामुळे पाचही एकाच मापाचे. बटणाच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना ११.९४ मिलिमीटरवर एकेक खाच. बोर्डाला स्क्रूने लागणारे स्टॅबिलायझर घेऊ नका, बोर्डच नाही तर लावणार कशाला. पत्र्यात अडकणारे घ्या. मी स्विचबरोबर एक स्टॅबिलायझरही नेला होता, तोही पट्टीवर तपासून घेतला.

प्लेट कापताना मी समोर होते, काचेच्या खिडकीतून पाहिलं. लेसर ओळीने एकामागे एक भोकं कापेल असं मला वाटलं होतं. तो इकडचं एक, तिकडचं एक, मधलं एक असा उड्या मारत होता. ऑपरेटर म्हणाला, जवळजवळची भोकं लागोपाठ कापली तर तिथे उष्णता साठते आणि पत्रा ओढतो, वाकतो. पाच मिलिमीटरच्या पट्ट्यांचं ते जाळं. ते वाकलं असतं तर परत सरळ करणं अवघड. कापून झाल्यावर त्याने खाली पडलेले चौकोनी तुकडे गोळा करून मोजले. सत्तर. मग खाचांचे तुकडे वेगळे मोजले. दहा. एकही तुकडा भोकात अडकून राहिलेला नाही, हे असं तपासतात. तरी पत्रा सपाट लादीवर ठेवल्यावर मध्ये कागद सरकेल एवढी फट होती. मेस्त्रींनी लाकडी हातोडीने दोन-तीन ठिकाणी ठोकून ती घालवली, पैसे वेगळे घेतले नाहीत.

एकूण खर्च पट्टीचे १०० आणि प्लेटचे ८५०, पत्र्यासकट. कापायच्या रेघेची लांबी आणि किती ठिकाणी लेसरने नव्याने भोक पाडायचं, यावर हिशेब करतात. हिशेब मला कागदावर करून दाखवला, बिल मागितलं तेव्हा दिलं.

तक्रारी आहेत. पहिली वेळेची. तीन दिवस म्हणाले आणि चौदा दिवस लागले. सप्टेंबरअखेर म्हणजे गळीत हंगामाआधीचे दिवस, कारखान्यांची दुरुस्तीची कामं एकदम अंगावर येतात आणि एका कारखान्याचा माणूस दारात उभा राहिला की माझा पत्रा मागे. मधे खंडेनवमी आली, मशिन धुऊन-पुसून पूजेला, त्या दिवशी काम बंद असणार हे मला कळायला हवं होतं. त्याचं काही नाही. पण उशीर होणार हे आधी सांगायला हवं होतं. मी तीनदा ॲक्टिव्हा काढून गेले आणि परत आले. फोन कुणी उचलत नाही. मशिनच्या आवाजात ऐकूच येत नाही म्हणतात, ते खरंही असेल, पण मग व्हॉट्सॲपवर एक ओळ टाकावी.

दुसरी, खालच्या बाजूची बर. वर्कशॉपच्या कामात ही बर कुणी मोजत नाही, पण इथे रोज हात लावायचाय आणि आत वायरी जाणार आहेत. दोन भोकांच्या कडेला बारीक टोकं राहिली होती. घरी बारीक कानस आणि पॉलिश पेपर घेऊन पाऊण तास घासलं. हे त्यांनीच करून द्यायला हवं, त्याचे पन्नास रुपये जास्त घेतले तरी चालतील. तिसरी, प्लेट वर्तमानपत्रात गुंडाळून दिली आणि वरच्या बाजूला एक चरा पडला. कीकॅप बसल्यावर दिसत नाही, तरी मला माहीत आहे तो कुठे आहे.

वायरिंगबद्दल थोडक्यात. पाच आडव्या ओळी, पंधरा उभ्या, प्रत्येक स्विचला एक १एन४१४८ डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा बारीक भाग. डायोड नसतील तर चौकोनाच्या तीन कोपऱ्यांतली बटणं एकदम दाबली की चौथं न दाबताच उमटतं. पाच आणि पंधरा मिळून वीस पिना. रास्पबेरी पाय पिको या छोट्या कंट्रोलरला सव्वीस आहेत, त्यामुळे सहज बसलं. क्यूएमके नावाचं मोफत फर्मवेअर, म्हणजे कीबोर्डच्या आत चालणारं सॉफ्टवेअर आहे, ते भाच्याने त्यात घातलं. मधलं बटण दाबलं की विंडोज आणि स्पेस ही जोडी जाते आणि मराठी-इंग्रजी बदल होतो. एक गोष्ट मला या सगळ्यात नव्याने कळली: कीबोर्ड अक्षर पाठवतच नाही, तो फक्त कुठलं बटण दाबलं त्याचा क्रमांक पाठवतो. क करायचं की ख, ते कॉम्प्युटर ठरवतो. म्हणून मराठी कीबोर्ड असा वेगळा घ्यावा लागत नाही. बटणं योग्य जागी असली की झालं.

आवाजाचं मेस्त्रींनी आधीच सांगितलं होतं: "खाली काय टाकणार? नुसता पत्रा वाजणार बघा." वाजला. पहिल्या दिवशी प्रत्येक बटणाला ताटलीवर चमचा पडल्यासारखी किणकिण. पत्र्याखाली ३ मिलिमीटरचा फोम भरला, पत्रा आणि सागवानी पेटी यांच्या मध्येही फोमच्या पट्ट्या टाकल्या, तेव्हा आवाज बसका झाला. आता शेजारच्या खोलीत सासूबाई दुपारी झोपू शकतात. आधीच्या कीबोर्डला ते जमत नव्हतं.

करंगळी. पहिले चार दिवस अंगठा चुकत होता, स्पेसच्या जागी शिफ्ट धरला जायचा आणि शब्द एकमेकांना चिकटायचे. पाचव्या दिवसापासून बसलं. आठव्या दिवशी मी कोपऱ्यातल्या जुन्या शिफ्टची टोपी काढून ठेवली, कारण करंगळी सवयीने तिकडे जात होती. तीन आठवड्यांनी रात्रीचं ठणकणं थांबलं. आज "अधिकाऱ्यांनी" लिहिताना अंगठा तीनदा खाली जातो आणि करंगळी आपल्या जागेवर असते. वेग आधीएवढाच आहे, वाढलेला नाही. पण सातव्या तासाला तो उतरत नाही, आणि मला तेच हवं होतं.

जाणार असाल तर स्विच आणि स्टॅबिलायझर हातात घेऊन जा, मोबाइलवरचे फोटो दाखवू नका. ड्रॉइंगची डीएक्सएफ फाइल मिलिमीटरमध्येच आहे ना हे बघा; इंचात गेली तर सगळंच बदलतं. भोकाची मापं खरी ठेवा, लेसरची रुंदी त्यांना भरू द्या. पट्टी कापून घ्या, शंभर रुपये वाचवू नका. आणि सकाळी जाऊ नका, सकाळी त्यांची मोठी कामं लागलेली असतात. चारनंतर मेस्त्रींना बोलायला वेळ असतो.

दुसऱ्या प्लेटचं ड्रॉइंग मी गेल्या आठवड्यात देऊन आले. या वेळी अंगठ्याचं शिफ्ट पाव यू उजवीकडे सरकवलंय, कारण बोट रोज त्याच्या उजव्या कडेवरच पडतं; टोपी तिथे गुळगुळीत झालीय. त्यासाठी डावीकडची तीन बटणं १.५, १ आणि १.५ यूची केली आणि भाषेचं बटण १ यूचं. या तिन्हींपासून स्पेसपर्यंतची बेरीज परत आधीएवढीच, दहा यू. मेस्त्रींनी फाइल उघडली, भोक मोजलं, १४.०० बघितलं आणि काही न बोलता पुढचं पान उघडलं. बर काढून द्या, एवढं मी सांगितलं. कारखाने चालू आहेत, त्यामुळे घाई नाही, हेही मीच सांगून आले.